अप्पा ताईला देणार होते ती खोली

माझ्या सख्ख्या बहिणीचं घर मी तीन शब्दांत घालवलं.

कमाताई आज सकाळी गेली. ब्याण्णव वर्षांची होती. मी एकोणनव्वद.

मी बोलतेय, नात टाइप करतेय, घरातल्या सगळ्यांना पाठवायला. मध्येच थांबून माझ्याकडे बघतेय. बघू दे.

छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. आमचे अप्पा कल्याणला रेल्वेत क्लार्क. डोंबिवलीत त्यांनी स्वतःच्या कमाईतून चार खोल्यांचं घर बांधलेलं.

ताईला नवऱ्यानं टाकलेलं. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन ती माहेरीच राहायची.

मी ठाण्याला दिलेली, सुखात होते. पहिल्या बाळंतपणाला आले. आई आधीच गेलेली, त्यामुळे माझं सगळं ताईनंच केलं.

एक दिवस अप्पा माझ्या खाटेशी येऊन बसले.

"इंदू, मागची खोली कमळच्या नावावर करणार आहे. तुला नवरा आहे, दादाला नोकरी आहे. तिचं काय?"

"मग वकिलाकडे जा ना, अप्पा."

"जातो गं. बाळाचं बारसं होऊ दे."

बारशाआधीच अप्पा गेले. हार्ट अटॅक. मृत्युपत्र राहिलंच.

दिवसकार्य झाल्यावर दादानं कागद आणला. नुकताच नवा कायदा आला होता, वडिलांच्या घरात मुलींनाही वाटा. म्हणून हक्क सोडल्याच्या आम्हा दोघींच्या सह्या हव्या होत्या.

मी लगेच केली.

ताईनं पेन घेतलं नाही. "अप्पा मला मागची खोली देणार होते."

"कोण म्हणतं?" दादानं विचारलं.

"इंदूला सांगितलं त्यांनी. मी दारातच होते. इंदू, सांग ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा, वहिनी, माझा नवरा.

मी काय विचार केला सांगू? दादा रागावला तर दिवाळीला मला माहेरी कोण बोलावणार?

बस. एवढाच.

"मला नाही आठवत."

ताईनं कागद पूर्ण वाचला. सही केली.

मग आत जाऊन माझ्या बाळाला तेल लावलं. अंघोळीची वेळ झाली होती.

वर्षाच्या आत वहिनीला मागची खोली लागायला लागली. ताई मुलीला घेऊन कल्याणजवळ मोहन्याला गेली, भाड्याच्या खोलीत. आधी शिवणकाम, मग बालवाडी. मुलीला शिकवलं. साठीला टेकल्यावर स्वतःचं छोटं घर घेतलं, आणि त्याच आठवड्यात मृत्युपत्र करून मोकळी झाली.

दादा मला दिवाळीला बोलावत राहिला. मी जात राहिले.

दहा वर्षांपूर्वी कसाबसा धीर केला.

"ताई, मला आठवत होतं गं."

"माहितीये."

"माफ करशील?"

ती मेथी निवडत होती. जुडी बाजूला ठेवली.

"ते नको मागू, इंदू. चहा टाकू?"

आमच्या घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की कमामावशी फटकळ, भावाशी पटलं नाही म्हणून निघून गेली.

मुलांनो, ती कोणाशीही भांडली नव्हती. तिला जावं लागलं. माझ्यामुळे.

ताई, नीट जा.

खोटं मी बोलले होते, हे आता सगळ्यांना कळलंय.

तुझी इंदू