राजरत्न गमऱ्यांचे अकरा खाडे

राजरत्न गमरे याच्या नावावर अठ्ठावीस वर्षांत विनापरवानगी खाडा एकही नव्हता. आई वारली त्या पहाटेही त्यानं आधी मुकादमाला फोन केला आणि मग गावच्या चुलतभावाला. असा माणूस गेल्या वर्षी एकाच महिन्यात अकरा दिवस कामावर नव्हता, असं एका घड्याळानं ठरवलं.

त्याचं काम गिरगावातल्या घरगल्ल्यांचं. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधली फट. रुंदी फार तर अडीच हात. दोन्हीकडून संडासाचे पाइप उतरलेले, खाली गटार, वर पाचव्या मजल्यापर्यंत खिडक्या. त्या खिडक्यांतून दुधाच्या पिशव्या येतात, कोलंबीची सालं येतात, लंगोट येतात, फुटलेल्या बाटल्या येतात. रस्त्यावर कागदाचा कपटा न टाकणारी माणसंही घरगल्लीत सगळं टाकतात, कारण तिथं कुणी बघत नाही. आत शिरण्याआधी राजरत्न तोंड वर करून ओरडायचा, "खाली माणूस आहे!" तरीही एकदा डोक्यात बाटली बसून सात टाके पडले होते. कुणी टाकली ते कळलं नाही. पाच मजल्यांवरच्या सगळ्या खिडक्या एका दमात बंद झाल्या होत्या, एवढं त्याला आठवतं.

त्याचे वडील गंगाधर हेच काम करायचे. मुलाच्या हातात झाडू येऊ नये म्हणून त्यांनी त्याला रात्रशाळेत नव्हे, दिवसाच्या कॉलेजात घातलं. पण राजरत्न बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील कावीळ होऊन गेले, घरात दोन धाकट्या बहिणी होत्या, आणि वारसाहक्कानं मिळणारी नोकरी एकच होती. त्यानं वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि वडिलांचंच फावडं हातात घेतलं. पुढं नायगावातल्या विहारात त्यानं मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तो तिथं हिशेबाचा विषय शिकवायला बसायचा. तिथली पोरं त्याला गमरे सर म्हणत. सफाई खात्याच्या चौकीवर तो नुसता गमरे होता, आणि त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. काम चोख असलं की बस, असं त्याचं गणित होतं.

मग वॉर्डात नवी योजना आली. एका खासगी कंपनीला तिचं कंत्राट मिळालं. कचऱ्याच्या पेट्यांना सेन्सर बसले, गाड्यांना बसले आणि शेवटी माणसांना. प्रत्येकाच्या मनगटावर एक काळं घड्याळ आलं. माणूस कुठं आहे हे ते दर अर्ध्या मिनिटाला उपग्रहावरून शोधून ऑफिसला कळवायचं, आणि तिथल्या मोठ्या पडद्यावर माणूस आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागात असला की हिरवा ठिपका दिसायचा, नसला की लाल. पेट्यांचं पाहून राजरत्नला बरंच वाटलं होतं. भरलेली पेटी आपणहून कळवते, गाडीची फुकट फेरी वाचते, यात वाईट काय? पण पेटीचा सेन्सर बिघडला तर दोन दिवसांत कंपनीचा माणूस यायचा, आणि राजरत्नचे गमबूट फाटले त्याचा अर्ज आठ महिने पडून होता, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं.

महिना संपला आणि चौकीच्या काचेवर यादी लागली. वर लिहिलं होतं, 'बीट सोडून जाणारे कर्मचारी'. पहिलंच नाव गमरे राजरत्न गंगाधर. अकरा खाडे.

मुकादम दत्ताराम वीस वर्षं त्याच्यासोबत होता. तो म्हणाला, यात माझा हात नाही, मस्टर आता मशीनच भरतं. राजरत्ननं तारखा पाहिल्या. ते अकरा दिवस म्हणजे वैद्य बिल्डिंग आणि खोत चाळ यांच्यामधली लांबलचक घरगल्ली उपसण्याचे दिवस होते. उपग्रहाला वर आभाळ लागतं आणि घरगल्लीत आभाळाची चिंधी दिसते. आत शिरला की माणूस पडद्यावरून गायब व्हायचा. दोन तास गायब म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे खाडा. सगळ्यात घाणीचं काम तो ज्या दोन तासांत करत होता, नेमके तेच दोन तास त्यानं केलेच नाहीत असं ठरलं होतं.

तो वॉर्ड ऑफिसात गेला. साहेब खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघत होते. राजरत्ननं शांतपणे सगळं सांगितलं, घरगल्लीचा नकाशा कागदावर काढून दाखवला. साहेबांनी कागदाकडे पाहिलं नाही.

"गमरे, मशीन खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "माणूस बोलतो. दोन तास कुठं जाऊन झोपता, ते सांगा."

राजरत्ननं नकाशाची घडी घालून खिशात ठेवली. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत घरगल्लीच्या पाण्यानं कुजलेली कातडी होती, ती त्यानं टेबलावर ठेवली असती तरी साहेबांनी पडद्याकडेच पाहिलं असतं. तो घरी आला, पण त्या दिवशी अभ्यासिकेत गेला नाही. बायको दुर्गा नर्सिंग होममध्ये आया होती. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की बापाला कुणी कामचोर म्हटलं नाही कधी, मला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खोत चाळीच्या तळमजल्यावरच्या बकुळा परबांनी त्याला बाहेरच्या पायरीवर बसलेला पाहिला. बकुळाबाई सत्तरीच्या, मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन पंधरा वर्षं झालेली. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी घरगल्लीत उघडायची, त्यामुळं राजरत्न आत किती वेळ असतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला.

"तां घड्याळ हयसर दी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरान माका रोज चालाक सांगितलाहा. मी हाताक बांधून फिरतंय. तू तुझा काम कर."

राजरत्नला हसू आलं नाही. खोटेपणा त्याच्या रक्तात नव्हता. पण खरं सांगून काय मिळालं ते त्यानं कालच पाहिलं होतं. त्यानं घड्याळ काढून दिलं.

त्यानंतर रोज सकाळी राजरत्न घरगल्लीत शिरायचा आणि बकुळाबाई त्याचं घड्याळ बांधून कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायच्या, तिथून दत्ताच्या देवळात, तिथून पिठाच्या गिरणीत आणि परत. गुडघा दुखला की देवळाच्या ओट्यावर बसायच्या. महिनाभर ठिपका हिरवागार राहिला. काचेवर नवी यादी लागली, 'बीटवर सर्वाधिक उपस्थिती', आणि तिच्यात पुन्हा पहिलंच नाव राजरत्नचं. अठ्ठ्याण्णव टक्के.

वॉर्डानं एका शाळेच्या सभागृहात सत्कार ठेवला. कंपनीचे लोक आले, फुलं आली, फोटो काढणारा आला. राजरत्न इस्त्रीचा सदरा घालून गेला. दुर्गा मागच्या रांगेत बसली होती. साहेबांनी माइकवर सांगितलं की हेच गमरे गेल्या महिन्यात लाल यादीत होते. योग्य देखरेख ठेवली की माणूस सुधारतो, याचं हे जिवंत उदाहरण आहे.

सुधारतो, हा शब्द त्याच्या कानशिलात बसला. प्रमाणपत्र हातात देण्यासाठी साहेब पुढं आले, तेव्हा त्यानं ते घेतलं नाही. माइक घेतला.

"हे प्रमाणपत्र खोत चाळीतल्या बकुळा परब यांचं आहे," तो म्हणाला. "महिनाभर माझं घड्याळ बांधून त्या भाजी आणायला जात होत्या. त्या हिरव्या दिसल्या. मी त्याच वेळी घरगल्लीत घाण उपसत होतो. मी त्याच्या आधीच्या महिन्यातही घरगल्लीतच होतो. तेव्हा मला तुम्ही कामचोर ठरवलंत. मी सुधारलेलो नाही, साहेब. मी तेव्हाही कामावरच होतो."

मग दत्ताराम मुकादम उभा राहिला आणि म्हणाला, गमरे खरं बोलतोय, मला माहीत होतं. बाकीचे सफाईवाले एकेक करून उभे राहिले. घड्याळं काढून त्यांनी खुर्च्यांवर ठेवली आणि बाहेर पडले.

दोन दिवसांत मेमो आला. यंत्रणेत छेडछाड आणि जाहीर ठिकाणी गैरवर्तन. चौकशीला कंपनीकडून मानसी नावाची मुलगी आली. ती पडद्याच्या मागचा सगळा डेटा सांभाळणारी होती, प्रभादेवीत वाढलेली. ती प्रश्नांचा कागद काढणार तोच राजरत्न म्हणाला की बाई, प्रश्न नंतर विचारा, आधी घड्याळ बांधून माझ्याबरोबर घरगल्लीत या. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि आली. दहा पावलांवर तिचा बूट चिखलात रुतला. वरून कुणीतरी खरकटं पाणी ओतलं, ते तिच्या खांद्यावर आलं. ती तशीच उभी राहिली आणि मोबाइलवर स्वतःचा ठिपका शोधत राहिली. तो नव्हता.

"मी इथं आहे ना?" तिनं विचारलं.

"मी पण होतो," राजरत्न म्हणाला.

तिनं अहवाल खरा लिहिला, हे तिचं मोठेपण. अकरा खाडे रद्द झाले. घरगल्लीच्या कामाची नोंद पूर्वीसारखी मुकादमानं कागदावर करायची, असं ठरलं. पण वरच्यांनी पडद्यात बदल केला तो एवढाच, की घरगल्लीतला माणूस आता लाल दिसत नाही, करडा दिसतो. गमबुटांचा अर्ज अजून टेबलावरच आहे. आणि मेमो काही मागे घेतला नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं की दिलगिरीची एक ओळ लिहून द्या, फाइल बंद करतो, निवृत्तीला त्रास होणार नाही.

राजरत्ननं पेन मागितलं. मेमोखाली त्यानं सही केली, तारीख घातली, आणि सहीच्या वर बी.कॉम.च्या वर्गात घोटवलेल्या ठसठशीत अक्षरात दोनच शब्द लिहिले, 'मान्य नाही'. कागद साहेबांकडे सरकवून तो उठला. खोत चाळीच्या मागं आठवड्याची घाण साचली होती आणि साडेनऊ वाजून गेले होते.