कुरवांची काळी डोकी

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याची बस धरली तेव्हा बोचरा गारठा होता. आपल्या वाईच्या थंडीत वाढलेला माणूस भाईंदरच्या थंडीला हसतो, तसा मीही हसत निघालो होतो. चेणे गेलं, वरसावे आलं, खाडीवर पांढरे ठिपके हलताना दिसले. पक्षी असावेत. लांबचं मला नीट दिसत नाही, पण चष्मा लावला की म्हातारा दिसेन म्हणून मी तो केलाच नव्हता. पाटी वाचता न आल्याने दोन थांबे पुढे जाऊन उतरलो आणि आत्याला सांगितलं की कंडक्टरने चुकवलं.

आत्या भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. गेल्या पावसाळ्यात काका गेले. तिचे गुडघे धड नाहीत. तरी तिने बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. लग्नानंतर ती पुरती काकांच्या रायगडची झाली, कुरडया मात्र अजून वाईसारख्याच करते.

त्या कुरडयांवरूनच विषय निघाला. काकांच्या गावची एक समजूत आहे. हिवाळ्यात खाडीवर कुरव (कबुतराहून थोडे मोठे पांढरे पक्षी) येतात, त्यांची डोकी पांढरी असतात, आणि ती काळी पडली की थंडी संपली. दरवर्षी काका खाडीवर जाऊन डोकी बघून येत आणि मगच इमारतीतल्या बायका गहू भिजत घालत. त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता.

"हे गेल्यावर कोण विचारणार, असं वाटलं होतं," आत्या म्हणाली. "पण सगळ्याजणी विचारतायत. यंदा तू बघून ये."

दुसऱ्या दिवशी रिक्षाने खाडीवर गेलो. ओहोटी होती. लांब चिखलावर कुरवांचा थवा बसला होता. डोळे बारीक करून पाहिलं तर कधी डोकं काळं वाटे, कधी सगळा पक्षीच धुरकट. शेजारी होडीला टेकून एक म्हातारे कोळीबाबा जाळं सांधत होते.

"दिसतं का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय की," मी म्हणालो आणि चालू लागलो. त्यांनाच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? घरी येऊन आत्याला ठामपणे सांगितलं, डोकी काळी झाली. तिचा चेहरा असा उजळला की मलाही ते खरं वाटायला लागलं.

घरोघर गहू भिजले, वाटले गेले, चीक शिजला. गच्चीवर साड्या अंथरून बायकांनी सोऱ्याने कुरडया घातल्या. मला वाटीभर गरम चीक दूध घालून मिळाला आणि पक्षी बघून आलेला पाहुणा म्हणून मानही मिळाला. मी तो घेतला.

त्याच रात्री थंडी पुन्हा वाढली. सकाळी खाडीवरून धुकं चढलं, दुपारपर्यंत ऊन नाही, दुसऱ्या दिवशीही तेच. कुरडया आंबल्या, त्यांना वास सुटला. गच्चीवर सगळ्या जमल्या. शेवटी शेजारच्या गुजराती भाभी हळूच म्हणाल्या, "अंकल का तो कभी गलत नहीं हुआ था."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "उनका गलत नहीं हुआ. मैंने ही जल्दी की. भतीजे ने बोला था, दो दिन रुको." असं मी काही बोललो नव्हतो. तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मी खाली मान घालून साड्या गोळा केल्या. इतकी लाज मला आजवर वाटली नव्हती.

निघताना तिने माझ्या हातात एक डबी दिली. आत काकांचा चष्मा होता.

"दोन थांबे पुढे उतरलास तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "बसतो का बघ. पुढच्या वर्षी पण तुलाच जायचंय."

वरसाव्याला बस अडकून पडली. मी चष्मा लावला. नंबर थोडा जड होता, पण खाडी स्वच्छ दिसली. कुरव बसच्या अगदी जवळून उडत होते. डोकी पांढरीफेक, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका.

घरी पोचलो तेव्हा चष्मा नाकावरच होता. बायकोने दारातच विचारलं, "केलात एकदाचा चष्मा?"

"काकांचा आहे," एवढंच म्हणालो. पुढचं सांगायला मान वर होईना.