डावं दार

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. जीपला ग्रीस मारायला राहुरीच्या एका मेस्त्रीकडं गेलतो. ऑइलची पट्टी पँटीलाच पुसणारा, कमी बोलणारा माणूस. शेवटी त्यानं डावं दार ओढलं. ते गंजून बसलं होतं.

"बाबा, हिकडं कोन बसत न्हाई व्हय?"

"कारभारीण बसायची. तिला जाऊन तीन वर्सं झाली."

बिजागरीत तेल सोडत तो म्हणाला, "तेल म्या घातलं. उघडायचं काम तुमचं हाय."

मला राग आला. तिच्या जागेवर मी कुणाला बसू देत नव्हतो. रस्त्यात कुणी हात केला तरी थांबत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला निघालो. फाट्यावर आमचा शेजारी दुधाची किटली घेऊन उभा होता. मला हात करणं त्यानं कधीच सोडलं होतं. मी गाडी थांबवली अन् वाकून आतून ते दार उघडलं.