दोन आसनांची गाडी

त्या लाल गाडीची मला आजही किळस येते. शर्यतीची, जुनी, दोनच आसनांची. कुणी गोरा साहेब देश सोडताना विकून गेला आणि फिरत फिरत ती एरंडोलला आमच्या दारात आली. टपाच्या जागी फाटकं कापड होतं. नवरा रोज सकाळी तासभर तिला पुसत बसायचा. मला दिवस गेले तरी त्यानं कधी 'कशी आहेस' म्हणून विचारलं नाही.

पहिलं बाळंतपण घरीच झालं आणि बाळ गेलं. म्हणून या वेळी कळा सुरू होताच धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्यासाठीच सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चार दारांची साधी करडी गाडी घेतली. मागच्या सीटवर बाईमाणूस आडवं होऊ शकेल अशी. पण ती आली नेमकी पितृपक्षात. आबांनी तिच्यावर चादर घातली. दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय तिचं चाक फिरणार नव्हतं.

कळा त्याच आठवड्यात सुरू झाल्या. मी चादरीकडे बोट दाखवलं.

"या पंधरवड्यात नवी वस्तू वापरत नाहीत, सूनबाई," आबा म्हणाले. "जुनी आहे ना दारात."

सासूबाई सोबत यायला निघाल्या होत्या, पण त्यांना बसायला जागाच नव्हती. त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. नवरा मात्र खुशीत होता.

वाटेत पावसाची सर आली. आसन जमिनीला टेकलेलं, त्यामुळे प्रत्येक खड्डा कमरेत बसत होता. पेट्रोलच्या वासानं मी दोनदा ओकले. "बघ, कशी पळते," तो म्हणाला. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

पारोळ्याच्या अलीकडे मी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेच्या घरातल्या म्हातारीनं मला आत नेलं, स्वतःचं लुगडं अंथरलं आणि सगळं निभावलं.

"पोरगी शे, माय," ती म्हणाली. "बठ्ठं बेस शे." सगळं नीट होतं.

दसऱ्याला दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा चढल्या. नवरा लाल गाडीवर हात फिरवून पाहुण्यांना सांगत होता, "हिनंच वाचवलं पोरीला." मी खोलीतून आबांना निरोप पाठवला, नवी गाडी आधी पारोळ्याला न्या, त्या म्हाताऱ्या अक्कांना लुगडं द्या. आबांनी हसून मान डोलावली. गाडी पद्मालयाला गणपतीला गेली, आणि पारोळ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सव्वा महिना झाला त्या दिवशी मी नवं लुगडं पिशवीत घातलं, लेकीला उचललं आणि एसटीनं पारोळ्याला गेले.