वहिनींच्या गाडीचा टो बार

दादांनी जेवता जेवता फोन माझ्यापुढे सरकवला. स्क्रीनवर गाडी मागे जोडून ओढायच्या दोन टो बारचे फोटो होते. एक सरळ दांडा, दुसरा त्रिकोणी.

"मेकॅनिकल ना तू? मग सांग, यातला कुठला घेऊ?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

आयर्लंडमध्ये ॲथलोनला शिकायला आल्यापासून मी या नवराबायकोच्या घरातल्या छोट्या खोलीत राहतो. दोघं पुण्याचे. ते माझ्या नात्यातले कोणी नाहीत, पण पहिल्याच दिवसापासून मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणतो. दादांनी जुनं मोटरहोम घेतलं होतं. पहिल्या सहलीत दूध आणायलाही अख्खं घर हलवावं लागलं, आणि दगडी कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांवर ते वळेना. म्हणून पुढच्या सहलीला, स्लायगोला जाताना वहिनींची छोटी गाडी मागे जोडून न्यायची, असं त्यांनी ठरवलं.

मला टो बारमधलं काहीच कळत नव्हतं. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गावाकडे वीजबिलापासून मामाच्या गुडघ्याच्या एक्स-रेपर्यंत सगळं माझ्यापुढे यायचं, आणि "मला माहीत नाही" म्हटलं की आईचा चेहरा उतरायचा. ते वाक्य म्हणायची सवयच लागली नाही.

शनिवार लायब्ररीत घालवला. सरळ दांडा फक्त बंद पडलेली गाडी थोड्या अंतरावर न्यायला, आणि तेव्हाही मागच्या गाडीत स्टिअरिंगवर माणूस लागतो. त्रिकोणी फ्रेम गाडीच्या पुढच्या बाजूला पक्की बसते आणि गाडी आपल्या चाकांवर मागे येते. ट्रेलरवर चढवून न्यावी तर सगळं मिळून वजन मोटरहोमला झेपणार नव्हतं. मी ब्रेक असलेली त्रिकोणी फ्रेम सुचवली. दादांनी पाठीवर थाप मारली. फार बरं वाटलं.

सोमवारी पाऊस होता म्हणून वहिनींनी मला कॉलेजपर्यंत सोडलं. माझ्या मांडीवर त्यांनी दिलेला डबा होता. सिग्नलला सहज खाली पाहिलं, तर त्यांचा डावा पाय निवांत पडलेला. त्या गाडीला क्लच नव्हता, ती ऑटोमॅटिक होती. इतक्या वेळा बसलो होतो त्या गाडीत. लेक्चरला बसण्याआधी फोनवर शोधलं. ही गाडी चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, तो आतून जळतो.

संध्याकाळी वहिनी हॉस्पिटलच्या ड्युटीवर होत्या. मी दादांना सांगितलं.

"मग काय, ही विकून गिअरवाली घेऊ. प्रश्न मिटला."

"पण वहिनींचं लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच आहे ना?"

"देईल की परत टेस्ट."

पहिल्या खेपेला नापास होऊन, पुन्हा तारखेची वाट पाहून वहिनींनी ती टेस्ट दिली होती. पास झाल्या त्या दिवशी सगळ्यांसाठी शिरा केला होता. नवख्या चालकाची N पाटी अजून काचेवर होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी दादांनी विचारलं, "गिअरवालीला तुझी फ्रेम बसेल ना?" आणि मी म्हणालो, "हो, बसेल."

आठवडाभर मी वहिनींच्या हातचं जेवलो आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही.

रविवारी दादा गाडी धूत होते. वहिनी दारात आल्या.

"इतकी का घासतोयस? लग्न ठरलंय का तिचं?"

"फोटो काढायचेत. विकू या. ही ओढता येत नाही म्हणे, यानेच सांगितलं."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तू सांगितलंस?"

"वहिनी, मी फक्त ओढता येत नाही एवढंच..."  फक्त तेवढंच नव्हतं.

"पण ओढायचीच कशाला? मी आहे ना. चालवत आणते मागून."

"एकटी? स्लायगोपर्यंत?"

"ड्युटीला कोण येतं रे माझ्या सोबतीला? तू?"

दादा फडकं पिळत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, मोटरहोममधल्या तुझ्या सीटसाठी मी नवीन उशी आणली. माझ्या शेजारी कोण बसणार?"

"हा बसेल. याला फार काळजी ना गाड्यांची!"

दादा हसले. मीही हसलो, पण उशिरा.

स्लायगोला निघालो तेव्हा मी खरंच त्या उशीवर बसलो होतो. टो बार आलाच नाही. दादांनी वहिनींच्या आवडीची गाणी लावली आणि थोड्या वेळाने बंद केली. दर वळणानंतर विचारत, "दिसतेय का रे?"

मी बाजूच्या आरशात पाहायचो. छोटी लाल गाडी, वायपर चालू, आत एकटं माणूस. "आहे, मागेच आहे."

पायाशी पिशवी होती. निघताना वहिनींनीच खिडकीतून दिली होती, थर्मास आणि दोन कप. मी दादांना चहा ओतून दिला.

"तू घे ना."

"थांबल्यावर घेतो, दादा."

"अरे, गार होईल."

"होऊ दे," मी म्हणालो. "त्या आल्या की घेतो."

 पुढची मोकळी जागा दिसताच दादांनी थांबायला डावीकडचा दिवा लावला.