छाटणीचा आराखडा

दोन हजार बारा-तेराच्या सुमारास मी जर्मनीत, कोलोनला, सिक्युरिटी स्टडीजमध्ये पीएचडी करत होते. इथली मराठी इंजिनिअर मंडळी विचारायची, "सिक्युरिटी म्हणजे सायबर का गं?" समजावून सांगायचा कंटाळा आला की मी सरळ "हो" म्हणायचे. खरा विषय असा, की एखादा देश लढून स्वतंत्र होतो आणि मग प्रश्न पडतो, या लढणाऱ्यांचं आता करायचं काय? गरज सरो, वैद्य मरो. विद्यापीठातल्या आमच्या विभागात त्याला सुधारणा म्हणायचे.

माझ्या समोरच्या टेबलावर अशाच एका देशाचा मेजर बसायचा. मुक्तियुद्धात वाढलेला, आता शिष्यवृत्तीवर आलेला. त्याची थोरली बहीण त्याच्याच तुकडीत लढली होती आणि अजून सैन्यात होती. युद्धाच्या सुरुवातीला, तो लहान असताना, तिने त्याला दटावून छावणीतल्या शाळेत बसवलं आणि स्वतः बंदूक घेऊन पहाऱ्याला उभी राहिली.

नव्या सैन्यासाठी त्याने जो आराखडा केला, त्यातला मुख्य नियम एका ओळीचा होता. शालेय शिक्षण पूर्ण झालेले राहतील, बाकीचे घरी जातील. इंग्रजी मीच तपासून दिलं.

"आणि ताई?" मी विचारलं.

"तिच्यासाठी नियम वाकवला, तर उद्या प्रत्येक अधिकारी आपापलं माणूस आणेल."

बरोबरच होतं त्याचं, म्हणून मला जास्त राग आला. मग जेवायची वेळ झाली आणि रागही गेला.

त्याने तो आराखडा सगळ्यांपुढे मांडला. इथल्या विद्यापीठांत टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबल वाजवतात. सगळ्यांनी वाजवलं, मीही वाजवलं. प्राध्यापिका जर्मनमध्ये म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, असंच नेमकं हवं." त्याने मान झुकवली आणि लॅपटॉप मिटला.

त्याच्या देशाच्या संरक्षण मंत्रालयाने आराखडा जसाच्या तसा उचलला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही विभागाच्या छोट्या स्वयंपाकघरात कॉफी करत असताना त्याचा फोन वाजला. तो आपल्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलला.

"ताई होती. तिला घरी जायचा हुकूम आलाय."

"रडली?"

"नाही. विचारत होती, गणवेश धुऊन परत करायचा की तसाच दिला तरी चालेल."

"मग काय सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "ते आपण कुठे लिहिलंच नव्हतं."