शेवटचा फर्मा

शुक्रवारची सकाळ. नवऱ्याला एक मोजा सापडत नव्हता, लेक आरशासमोरून हलत नव्हती आणि मी दूध तापत ठेवून, साखरेच्या बरणीला टेकवलेल्या पाटीवर वाचत उभी होते. पिठाच्या बोटाने पान उलटत नाही, म्हणून कोपराने उलटत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल महिनाभर बंद आहे, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे दार वाजवतो. हे वाजवणं मला पाठ होतं. दोन हलके ठोके, जरा थांबून आणखी एक.

दोरामावशी. आणि आज बुधवार नव्हता.

मी गॅस बंद केला, पाटी उचलली आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाखाली सरकवली.

"चोरीची आहे का गं ती?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "दर बुधवारी लपवतेस. आता शुक्रवारीही सुरू केलंस."

पाटी म्हणजे माझा ई-बुक रीडर. मोठ्या पडद्याचा, शाळेच्या पाटीएवढा, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं आणि तेच रूढ झालं. दीड वर्षापूर्वी भावाने दिला. चाळिशी लागल्यापासून मी पुस्तक हातभर लांब धरून वाचायचे, ते त्याने पाहिलं होतं. पाटीचे गुण गायला मला कुणी आग्रह करायला नको. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि पडदा ऐसपैस असल्यामुळे मोठं करूनही ओळीत दोनच शब्द उरले असं होत नाही. डोळ्यांत उजेड खुपत नाही. जुन्या पुस्तकांच्या धुळीने येणाऱ्या माझ्या शिंका बंद झाल्या, त्यावर घरात सगळेच खूश.

तक्रारीही आहेत. आडवं पडून वाचताना डुलकी लागली की ती नाकावर आदळते. पर्समध्ये मावत नाही. पुस्तकं दोनशे असली तरी वाचणारी एका वेळी एकच, त्यामुळे लेकीशी रोजची ओढाताण. शेजारणीला "ने की, वाच आणि दे" म्हणता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुस्तक किती उरलंय ते हाताला कळत नाही. कागदाच्या पुस्तकात डावी बाजू जाड होत जाते, उजवी पातळ, आणि शेवट जवळ आला हे बोटं आधी ओळखतात. पाटीचं वजन पहिल्या पानाला जेवढं, तेवढंच शेवटच्या.

पण यातल्या कशासाठी मी तिला लपवत नव्हते. मी तिला लपवत होते ती दोरामावशींपासून.

साठी ओलांडलेल्या, काटकुळ्या बाई. दोन खांद्यांना दोन कापडी पिशव्या, दोन्ही सारख्याच जड, कारण एक हलकी झाली की चाल वाकडी होते म्हणतात. पंधराव्या वर्षी त्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे मोडायला लागल्या. फर्मा म्हणजे सोळा पानं छापलेला मोठा कागद. त्याच्या घड्या घालायच्या, ते क्रमाने एकावर एक रचायचे आणि एकही राहिला नाही ना, हे मोजायचं. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. घड्या दाबून दाबून उजव्या अंगठ्याचं नख अजून चपटं आहे. नवऱ्याची लहानशी लायब्ररी होती. नवरा गेला, पाठोपाठ लायब्ररीची जागाही गेली, तेव्हा या बाईंनी पुस्तकं पिशव्यांत भरली आणि त्या थोड्या वर्गणीवर घरोघर फिरायला लागल्या. प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कव्हर आणि पाठीत शिवलेला लाल दोरा. लोकांनी पानांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून. त्यावरूनच हे नाव पडलं.

कुणाला काय द्यायचं हे त्यांना बरोबर कळायचं. ज्या घरातलं कुणी दवाखान्यात असेल तिथे शेवटी माणूस मरणारं पुस्तक जात नसे. आमच्या लेकीला वाचनाची गोडी त्यांनीच लावली. "हे तुझं नव्हे हं, मोठ्यांचं आहे," असं बजावायचं आणि पुस्तक टेबलावर विसरून जायचं. प्रत्येक पुस्तक त्या आधी स्वतः वाचतात आणि मगच पिशवीत टाकतात, अशी त्यांची ख्याती होती.

पाटी आली त्या आठवड्यातच मी त्यांना सांगायला हवं होतं. जमलं नाही. तीन जिने चढून आलेली बाई समोर पाणी पीत बसलेली, तिला "आता नको" कसं म्हणायचं? म्हणून पुस्तकं घेत राहिले. बुधवारी घ्यायचं, कपाटावर ठेवायचं, पुढच्या मंगळवारी दोरा पहिल्या पानातून काढून शेवटच्या पानात घालायचा. "कसं होतं?" हे त्या न चुकता विचारायच्या, डोळे बारीक करून, कान देऊन. मी मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून ठेवलेला असायचा. त्यांना वाईट वाटू नये म्हणून करतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे भीड होती, आणि थोडा आळस.

मी दार उघडलं. मावशींच्या खांद्यांवर पिशव्या नव्हत्या. हातात एकच पुस्तक. आत येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

"चहा टाकते, मावशी."

"नको, ताई. एक विचारायला आले. हे तुमच्याकडून परत आलं त्याला तीन आठवडे झाले. तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय?"

मी नाव वाचल्यासारखं केलं. "चांगलं होतं की."

"शेवट फार सुंदर आहे, म्हणालात. डोळ्यांत पाणी आलं, म्हणालात."

नवरा एक मोजा घालून दारापर्यंत आला होता, तो तसाच उलट्या पावली आत गेला. नवऱ्यांना अशा वेळी बरोबर कळतं.

मावशींनी दोऱ्याला धरून पुस्तक उघडलं. पान दोनशे आठ. शेवटची ओळ होती, 'तिने दार उघडलं आणि'. त्यापुढे एक कोरा कागद, मग पुठ्ठा.

"दोनशे चोवीस पानांचं पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "शेवटचा फर्मा बांधतानाच राहिलाय. दोरा मात्र इथेच होता. तुम्ही घातलेला."

माझे कान तापले. आतल्या खोलीत लेकीचं गुणगुणणं थांबलं होतं, म्हणजे तीही ऐकत होती. हिला मी खोटं बोलू नये म्हणून किती वेळा सुनावलंय, ते तेव्हाच आठवायचं होतं.

"त्या मुख्याध्यापिका बाई आहेत ना, खुब्याचं हाड मोडून पडलेल्या," मावशी सांगत होत्या, "त्यांना दिलं मी हे. म्हटलं, शेवटापर्यंत वाचाच, रडू येईल. बिचाऱ्या वाचत गेल्या. काल मला विचारतात, तुझ्या वाचकांनी कुठला शेवट वाचला गं?"

"मावशी, मी वाचलंच नाही ते," मी म्हटलं. "गेल्या दीड वर्षात तुमचं एकही वाचलं नाही." आणि ढिगाखालून पाटी ओढून काढली. तिच्याबरोबर दोन उशांचे अभ्रेही खाली आले. ते उचलायच्या निमित्ताने मला खाली बघता आलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहिल्या.

"दीड वर्ष," त्या म्हणाल्या. "तुम्ही जे जे सांगितलंत ते मी पुढच्या सात घरी सांगत गेले. शब्दन् शब्द."

"पण तुम्ही तर आधी स्वतः वाचता ना?"

"वाचायची." त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "अडीच वर्षं झाली, ताई. डोळ्यांचा मधला भाग पुसल्यासारखा झालाय. माणूस दिसतं, जिना दिसतो, पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकेल, गेलं ते येणार नाही. कुणाला सांगितलं नाही. ज्या बाईला वाचता येत नाही तिच्याकडून पुस्तक कोण घेणार? म्हणून कसं होतं, कसं होतं, विचारत फिरते. तुम्ही सांगता ते तिकडे, ते सांगतात ते इकडे."

मला वाटायचं, त्या आपुलकीने विचारतात. तो त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता आणि मी मागच्या कव्हरवरून उत्तरं देत होते.

"मावशी, माझं फार चुकलं," मी म्हटलं.

"तुमचं चुकलं ते आहेच. पण बावीस वर्षं फर्मे मोजले मी, आणि माझ्याच पिशवीतून सोळा पानं कमी असलेलं पुस्तक फिरलं. लाजेचं म्हणाल तर माझी जास्त आहे. येत्या बुधवारपासून फिरणं बंद करावं, असं ठरवूनच निघाले."

"आता दोघी लाजतच बसणार," सासूबाई म्हणाल्या, "की ती पाटी त्यांना जरा दाखवणार?"

मी शोधलं. पुस्तक होतं. उतरवून घेतलं आणि दोनशे आठवं पान काढायला गेले, तर पाटीत पानांचे आकडे वेगळेच. शेवटी ती अर्धी ओळच शोधून काढली. अक्षर वाढवलं.

"दिसतंय?"

"अजून."

पुन्हा वाढवलं. "आता?"

"अजून थोडं."

अक्षरं शर्टाच्या बटणाएवढी झाली. एरवी एवढ्या अक्षरांत पानावर काहीच मावलं नसतं. पाटीवर सात ओळी मावल्या. मावशींनी पदराला दोन्ही हात पुसले, पाटी मांडीवर घेतली, मान किंचित तिरकी केली आणि डोळ्यांच्या कडेने बघत एकेक शब्द मोठ्याने उच्चारला.

"तिने. दार. उघडलं. आणि."

तिथे थांबल्या. पाटीची कड अंगठ्याने चाचपली, जाडी बघितली.

"यात फर्मे कसे मोजायचे?"

"फर्मे नसतात, मावशी."

"म्हणजे राहतही नाही एखादा. आणि दोरा?"

"लागत नाही. आपण थांबलो तिथेच उघडते."

"मग वाचलं की नाही ते हिला कळतं."

"हो."

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. सासूबाई खुदकन हसल्या. मला हसता आलं नाही.

"घेऊन जा चार दिवस," मी म्हटलं. "नाहीतर मी वाचून दाखवते. आत्ता, शेवटपर्यंत."

"घरी नको, हातून पडली तर काय करू? आणि वाचून दाखवू नका. दुसऱ्यांच्या तोंडून पुष्कळ झालं." त्यांनी पाटी आणखी जवळ ओढून घेतली. "मुख्याध्यापिका बाईंना शेवट सांगायचाय, तो माझा वाचलेला हवा. एवढी सोळा पानं मला इथे स्टुलावर बसून वाचू द्या."